तिथं काहीतरी आलंय

माझ्या दवाखान्यात मित्रांचा फार सुळसुळाट होता. मित्र स्वतः कधी दिसायचा नाही, पण त्याच्यासाठी येणारे रोज यायचे. "मॅडम, माझ्या एका मित्राला जरा प्रॉब्लेम आहे." हे वाक्य कानावर पडलं की मी पेन खाली ठेवायचे आणि मित्राची मनापासून चौकशी करायचे. मित्राचं वय काय, लग्न झालंय का, मित्राला खाज सुटते की दुखतं, कधीपासून आहे? समोरचा भडाभडा सांगत सुटायचा. सगळं सांगून झालं की मी म्हणायचे, "बरं, आता मित्राला त्या पडद्यामागं पाठवा, तपासून घेते." तो क्षणभर माझ्याकडं बघायचा आणि मुकाट्यानं उठून स्वतःच पडद्यामागं जायचा.

मी त्वचारोगाची डॉक्टर. मुकुंदवाडीत, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा दवाखाना होता. गेल्या वर्षी तो भाचीच्या स्वाधीन केला आणि आता मी घरी बसून लोकांना फोनवर रागावते. पाटीवर ‘त्वचा, केस, नखं’ एवढंच लिहिलेलं होतं. गुप्तरोग हा शब्द मी मुद्दामच लिहिला नाही. तो लिहिला की माणूस जिना चढताना कुणी ओळखीचं बघेल या भीतीनं खालच्या टपरीवर चहा पीत बसतो, आणि चहा पिऊन परत घरी जातो. नखाच्या नावाखाली सगळं येत असे. एक गृहस्थ पायाच्या अंगठ्याचं नख दाखवायला इतक्यांदा आले की शेवटी मीच म्हणाले, "काका, नख झकास आहे. आता जरा वरचं काय ते सांगा."

संपादकांनी ‘तुमच्या व्यवसायातल्या गमती लिहा’ असं सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं, "अहो, दिवाळी अंक आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय चालेल का?" ते म्हणाले, चालेल. तेव्हा वाचकांनी चकली खाली ठेवायची काही गरज नाही. हाता-पायासारखंच तेही एक अंग आहे. त्याला नावं मात्र आपल्याकडं फार मजेशीर. कुणी ‘तिथं’ म्हणतं, कुणी ‘खाली’, कुणी ‘नाजूक जागी’. नव्या पोरांनी ‘प्रायव्हेटला’ असं काढलंय. एक आजी तर काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या डोळ्यांनी खाली खुणावत राहिल्या आणि मी गुडघे तपासत बसले.

या ‘तिथं’ बारीक पुळ्या, दाणे, फोड, गाठी येतात आणि त्या दिसल्या की माणूस दोन गोष्टींपैकी एक करतो. एक तर जीव सोडायला निघतो, नाहीतर काहीच झालं नाही असं ठरवून टाकतो. डॉक्टरकडं यायचं हे तिसरं फार थोड्यांना सुचतं. माझी सगळी नोकरी-प्रॅक्टिस या दोन टोकांवरून माणसांना पकडून आणण्यात गेली म्हणा ना.

यात माझी एक पद्धत होती. मी सरकारी दवाखान्यात शिकत होते तेव्हा आमच्या सरांनी ती लावली. पेशंटला आधी एकट्याला आत घ्यायचं, सोबत कुणीही असो, आई असो नाहीतर पुढारी असो, त्यानं बाहेर बसायचं. आणि पेशंटचं सगळं आटोपलं की सोबतच्याला आत बोलवून विचारायचं, तुमचं काही आहे का? सर म्हणायचे, या खात्यात सोबत येणारा माणूस नुसता सोबत येत नाही. मला तेव्हा ते थोडं अति वाटायचं.

बाहेरची व्यवस्था नूरबींकडं. त्या नंबर लावायच्या आणि घाबरलेल्यांना धीर द्यायच्या. "डरू नको बेटा, यहाँ सब ऐसेच आते," असं त्या इतक्या मोठ्यानं म्हणायच्या की बिचारा आणखीनच आक्रसून बसायचा. पण त्यांच्यामुळं जिन्यावरून परत फिरलेली किती माणसं पुन्हा वर आली! "हौ, हौ, नाखून दिखाने आये ना? बैठो," म्हणत त्या त्यांना हाताला धरून बसवायच्या.

तर आता एका घराची गोष्ट सांगते. गाव पिशोरच्या पलीकडचं, नाव सांगत नाही. माणसांची नावं बदलली आहेत. लिहू का, म्हणून मी त्या घरच्या मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा की. पण माझं नाव जरा चांगलं ठिवा, राधिका ठिवा." म्हणून त्या राधिकामामी. मामांना विचारायला हवं होतं, तर त्या म्हणाल्या, "त्यांचं मी बघते."

पहिल्यांदा आले ते मामा आणि भाचा. नूरबींनी नंबर पुकारला तो भाच्याचा, पण आत आधी शिरले मामा. धिप्पाड गडी, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि रागानं लालबुंद. मागं विशाल, चोविशी-पंचविशीचा पोरगा, मान खाली.

"विशाल कोण?" मी विचारलं.

"ह्यो. म्या मामा हाय त्याचा."

"मग मामा, तुम्ही बाहेर बसा."

"आवो, बापाच्या जागी हाय म्या! ह्याची माय गेली तवापासून मी अन् माझ्या मंडळीनं वाढवलंय ह्येला. पत्रिका वाटून झाल्या, मंडप सांगून झाला, अन् ह्ये म्हणतंय लग्न मोडा. का, तर सांगत नाय. लई पिळलं तवा म्हणतंय, तिथं काहीतरी आलंय. काय रोग आणलाय ते सांगा मला एकदाचं!"

"सांगते. पण आधी बाहेर बसा."

नूरबींनी त्यांना दंडाला धरून नेलं. दार लागलं तरी विशाल मान वर करेना. मग हळूच म्हणाला, "मॅडम, माझ्या एका मित्राला..."

"विशाल, मामांनी सगळं सांगितलंय रे बाबा. आज मित्राला राहू दे."

झालं, पोरगं ढसाढसा रडायला लागलं. चिकलठाण्याच्या बाजूला एका कंपनीत कामाला होता, मुकुंदवाडीत तिघांत मिळून एक खोली. लग्न ठरलं आणि एक दिवस अंघोळ करताना त्याला दिसलं की तिथं, कडेला, बारीक बारीक दाण्यांची ओळच्या ओळ आहे. मोबाईलवर बघितलं. मोबाईलनं त्याला जगातले सगळे रोग एकदम लावले.

"कुणाशी संबंध आलाय का? लाजू नकोस, मला खरं कळलं पाहिजे."

"आईशपथ नाय मॅडम. मी कुण्या पोरीचा हातबी नाय धरला." मग आठवून म्हणाला, "तिचा धरला एकदा. साखरपुड्याला, अंगठी घालताना."

मला हसू येत होतं, पण मी तोंड सरळ ठेवलं. "मग रोग आला कुठून?"

"रूमवर टॉवेल एकच हाय ना. मॅडम, ते काय बी असू द्या, मला मरू द्या, पण तिला नाय लागायला पाहिजे. तिचं काय चुकलं? म्हणून म्हणलं, मोडा लग्न. कारण सांगितलं तर गावभर व्हतंय, म्हणून सांगितलं बी नाय."

खरं सांगते, मला तो पोरगा त्या क्षणाला फार आवडला. अंगावर रोग घेऊन बायकोला खुशाल देणारे मी ढीगभर बघितलेत. हा स्वतः गुन्हेगार व्हायला तयार होता.

तपासायला गेले तर दाण्यांपेक्षा भलतंच काही समोर आलं. एका बाजूला कातडी काळी पडलेली, सुजलेली, पाणी सुटलेलं. "हे काय केलंस?"

"बिब्बा लावला. रूमवरचा म्हणला, बिब्ब्यानं जळून जातंय."

कपाळावर हात मारून घेतला मी. आपल्याकडं पायात काटा मोडला, टाचेला भेगा पडल्या की बिब्बा तापवून त्याचं तेल लावायची रीत आहे. ते तेल म्हणजे निखाराच. टाचेची कातडी जाड, ती सोसते. पण काहींना टाचेलासुद्धा बिब्बा उततो, अंगभर सूज येते. आणि या शहाण्यानं सुईच्या टोकानं तो सगळ्या अंगात नाजूक कातडीला लावला होता! वर दुखतंय असं कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तसाच मशीनवर उभा राहून ड्यूटी करत होता. बिब्बा, चुना, लिंबू, ब्लेड, टूथपेस्ट, मेडिकलमधून आणलेली खाजेची ट्यूब, सगळे प्रकार मी त्या पडद्यामागं बघितलेत. निम्म्या लोकांचा मूळचा दाणा निरुपद्रवी असतो. मी बरी करते ती त्यांनी केलेली जखम.

बिब्बा न लागलेल्या बाजूला ओळ स्वच्छ दिसत होती. एकसारखे, कातडीच्याच रंगाचे, बारीक मोत्यासारखे दाणे. "विशाल, नीट ऐक. हा रोग नाही. वयात येताना पुष्कळ पुरुषांना हे दाणे येतात आणि राहतात. कुणाकडून लागत नाहीत, कुणाला लागत नाहीत. घालवायचे पण नाहीत. तुझ्या नाकाशेजारी तो तीळ आहे ना, तसं समज."

त्यानं नाकाला हात लावून बघितला. "मग इतकी वर्षं दिसलं कसं नाय?"

"इतकी वर्षं लग्न कुठं ठरलं होतं? लग्न ठरलं की माणूस स्वतःला पहिल्यांदा नीट बघतो."

तो हसला नाही, पुन्हा रडला. पण या वेळचं रडणं वेगळं होतं. लग्न आधी धरलेल्या तारखेलाच झालं, हे आत्ताच सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको.

आता वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी मनात म्हणत असेल, मग मी कधी जायचं डॉक्टरकडं? विचारा की, लाजता कशाला. तिथले केस काढल्यावर मुळाशी लाल पुळी येते, ती बहुधा आपोआप जाते. तिला पिळू नका, आठवडाभर ब्लेड लांब ठेवा. ओठांवर बारीक पिवळट ठिपके असतात तसे तिथंही असतात, बायकांनाही असतात, ते काही नाही. पण पाणी भरलेले फोड घोसानं आले आणि आग होतेय, चामखिळीसारखं किंवा फ्लॉवरच्या तुऱ्यासारखं काही वाढत चाललंय, मध्ये खळगा असलेले दाणे पसरतायत, रक्त येतंय, स्राव जातोय, जांघेत गाठ आलीय, ताप आहे, तर उद्या-परवा करू नका. खाज रात्री वाढते आणि घरातल्या सगळ्यांनाच सुटलीय, तर सगळ्यांनीच या. पोटात बाळ असेल तर त्याच दिवशी या. नवीन कुणाशी संबंध आला असेल आणि त्यानंतर काहीही दिसलं, तर या. दोन आठवडे झाले तरी जे आलंय ते जात नाही, तरी या. आणि यातलं काही नसताना नुसत्या भीतीनं झोप लागत नसेल, तर तेवढ्या कारणानंसुद्धा या. विशालसारखे लोक मला कधीच जड झाले नाहीत.

आणि एक. जी जखम दुखत नाही तिला सगळ्यात जास्त भ्या. हे मी प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येकाला ते उलटं वाटायचं.

विशालला विचारून मी मामांना आत घेतलं आणि सांगितलं, रोगबिग काही नाही, बिब्ब्याची जखम आहे, मलम आणि गोळ्या देते, लग्नाआधी भरून येईल. मामांचा राग सर्रकन उतरला आणि दुसरा चढला. "बिब्बा? आरं गाढवा, बिब्बा टाचंला लावत्यात! तुला कुणी अक्कल दिली का नाय?" असं म्हणत त्यांनी भाच्याच्या पाठीत एक घातली आणि लगेच त्याच पाठीवरून हात फिरवला. डोळे भरून आले होते त्यांचे.

सवयीनं मी विचारलं, "मामा, तुमचं काही?"

"छ्या, छ्या. मला काय धाड भरलीय?"

दोघं बाहेर गेले. थोड्या वेळानं मामा एकटेच परत. भाच्याला औषधं आणायला खाली मेडिकलमध्ये पाठवलं होतं. दार लावून घेतलं, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, माझा एक दोस्त हाय."

मी पेन खाली ठेवलं. "बोला. काय झालंय दोस्ताला?"

"त्येला एक फोड आलता तिथं. एकच. फुटून जखम झाली. पण दुखत नाय बरं का, अजिबात नाय. आता तर आपोआप भरत बी चाललीय. म्हंजे बरंच हाय ना?"

"अजिबात दुखत नाही?"

"एवढं बी नाय."

मी उठून हातमोजे घातले. "दोस्ताला पडद्यामागं जाऊ द्या, मामा."

कडक काठाची, स्वच्छ, न दुखणारी एकच जखम. जांघेत गाठी. सिफिलिस, म्हणजे जुने लोक गरमी म्हणत तो रोग. हा फार लबाड. जखम आपोआप भरते, माणूस सुटलो म्हणतो, आणि रोग तोवर रक्तात उतरलेला असतो. तिथून पुढं वर्षानुवर्षं गप्प बसून तो काळीज, मेंदू कशालाही हात घालतो. आणि औषध मात्र जुनं, साधं, पेनिसिलीनचं इंजेक्शन. वेळेवर आलं तर पूर्ण बरं होतं. रक्ताच्या तपासणीनंही पुढं तेच सांगितलं, बाकीच्या तपासण्या सुदैवानं नीट निघाल्या.

मामा अद्रकीचे, म्हणजे आल्याचे, बागायतदार. माल भरला की गाडीसोबत लांबच्या मार्केटला जायचे, भाव मिळेपर्यंत मुक्काम पडायचा. "एकदाच गेलतो, मॅडम," एवढंच म्हणाले. मी रागावले नाही. रागावणारी माणसं घरी असतात, मला इंजेक्शन द्यायचं असतं. ते मी दिलं, आणि मग म्हणाले, "आता मामींना घेऊन या. त्यांची तपासणी करायची, आणि त्यांनाही औषध द्यायचं. तोवर जवळ जायचं नाही."

मामा पांढरेफटक पडले. "तिला नाय. ती देवमाणूस हाय, मॅडम. तिला कळलं तर मरंल ती."

"नाही कळलं तर जास्त वाईट होईल. तिच्या रक्तात गेलं असेल तर?"

"मग तुमीच कायतरी सांगा ना. खाजंचं इंजेक्शन हाय म्हणा. गावात साथ आलीय म्हणा."

"खोटं सांगून मी कुणाला सुई टोचत नाही. आणि सांगायचं तुम्हीच. मी शेजारी बसते हवं तर, पण तोंड तुम्ही उघडायचं."

"घर मोडंल माझं. ऐन लग्नात मोडंल."

"मामा, विशालनं काय केलं बघितलंत ना? नुसत्या शंकेवर तो लग्न मोडायला निघाला होता, तिला लागू नये म्हणून."

हे मी बोलायला नको होतं की काय, असं नंतर वाटलं. मामांनी टोपी घातली आणि गेले. त्यानंतर मी रोज नूरबींना विचारायचे, "पिशोरचे मामा आले का?" आणि त्या रोज मान हलवायच्या. मला त्या बाईचा चेहरासुद्धा माहीत नव्हता, पण तिच्यासाठी माझा जीव खालीवर होत होता. आमच्या धंद्यातली ही माझी सगळ्यात मोठी खंत आहे. पुरुष निदान मित्राच्या नावानं तरी येतो. बाई कुणाच्या नावानं येणार? तिला जे लागतं ते घरातच, आणि तिला सांगायचं ते कुणीच सांगत नाही. किती बायका माझ्यापर्यंत आल्याच नाहीत, ते आठवलं की अजून चिडचिड होते.

आणि एका दुपारी ते दोघं आले. मामी बुटक्या, काटक, ठेवणीतली साडी नेसलेल्या. मामा त्यांच्या मागं चोरासारखे. मामी समोर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंय मला सगळं. घ्या रक्त, द्या सुई."

मी मामांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. त्या खुर्चीत बसून मी बायकांना चपला काढताना बघितलंय, माहेरी निघून जाताना बघितलंय, दगडासारखं बसून राहताना बघितलंय. असं शांत मी कुणाला बघितलं नव्हतं. केवढं मोठं मन, असं मला वाटलं. रक्त घेतलं, आणि संबंध आलेला होता म्हणून टेस्ट डोस देऊन इंजेक्शनही दिलं. रक्ताचा अहवाल पुढं चांगला आला. पण ते सगळं करताना मला सारखं काहीतरी खटकत होतं. या बाईच्या डोळ्यांत राग तर नव्हताच, दुःखसुद्धा नव्हतं. आवराआवर झालेल्या घरात बसावं तशी ती बसली होती.

मी मामांना बाहेर पाठवलं. "मामी, तुमचं स्वतःचं काही आहे का विचारायचं?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "हाय. एक गाठ हाय. तिथंच."

"कधीपासून?"

"विशाल शाळंत जायचा तवापासनं."

"आणि कुणाला दाखवली नाहीत?"

"कुणाला दाखवू? गावातला डॉक्टर पुरुष माणूस, अन् त्यो ह्यांच्या संगट पत्ते खेळतो." मग त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला म्हाईत हाय ना काय हाय ते. माझ्या मावशीला अशीच झालती, तिथंच. दाखवायला नेली तवा डॉक्टर म्हणले, आता उशीर झाला. कॅन्सर व्हता. गेली ती. माझीबी तीच हाय. म्हणून तर लग्नाची घाई केली मी. विशालच्या माईला शब्द दिल्ता, ती जाताना. म्हणलं, पोराला हळद लागलेली बघावी, मग मी मोकळी."

"आणि म्हणून मामांशी..."

"म्हणून भांडले बी नाय. आता जायच्या टायमाला कशाला भांडायचं, मॅडम? माझ्यामागं त्यांचंबी कोण हाय? दिलं सोडून."

मी खुर्ची मागं सारून उभी राहिले. "उठा मामी, आधी पडद्यामागं चला."

बाहेरच्या कातडीखाली, वाटाण्याएवढी, गुळगुळीत. बोटानं हलवली की इकडून तिकडं सरकत होती. वर कातडी स्वच्छ, जखम नाही, जांघेत काही नाही. पुन्हा पुन्हा तपासली, कारण या बाईला चुकीचं सांगायची मला भीती वाटत होती. कातडीतल्या एका बारीक पिशवीचं तोंड बंद होऊन आत पिठूळ साका साठतो, त्याची गाठ. पाठीवर, मानेवर येते तीच, इथं आलेली. मी वर्षाला अशा कितीतरी बघायचे.

"मामी, हा कॅन्सर नाही."

"न्हाई?"

"नाही. साधी गाठ आहे. इतक्या वर्षांत आहे तेवढीच राहिली ना? लाल झाली, दुखली, वाढली तर या, काढून टाकू. नाहीतर राहू द्या तशीच. माझी मैत्रीण आहे बायकांची डॉक्टर, तिच्याकडून गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी तेवढी करून घ्या, ती या वयात प्रत्येक बाईनं करायचीच असते. पण ही गाठ म्हणजे काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग मी मरत नाय?"

"मराल की. मीही मरेन. पण यानं नाही."

त्या स्टुलावर बसल्या आणि रडल्या. किती वर्षांचं होतं ते! विशालच्या शाळेपासून ती बाई रोज सकाळी उठून भाकरी थापत होती, अद्रक काढायला जात होती, आणि आपण मरतोय हे कुणालाही न सांगता घर चालवत होती. नूरबी पाणी घेऊन आल्या आणि काही न विचारता त्यांच्या पाठीवर हात फिरवत उभ्या राहिल्या. मीही चष्मा काढून पुसला.

मग मामींनी तोंड पुसलं. पदर खोचला. आणि माझ्यादेखत त्यांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. त्यांनी दाराकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"म्हंजे मॅडम, मला अजून लई वर्षं ह्या माणसासंगट काढायची हायत?"

"दिसतंय तरी तसंच."

"अन् म्या त्यांना माफ करून बसले!"

त्या उठल्या. दार उघडलं. बाकावर दहा माणसं होती, त्यांत मध्ये मामा.

"अवो, उठा! बसलेत कसे ऐटीत! अद्रक इकायला जात व्हते म्हणं! अद्रक! म्या इथं गुडघाभर चिखलात अद्रक उपटायची, अन् तुमी तिकडं अद्रक इकायची! आजपासनं गाडीसंगट मी येणार, समजलं? एका पोत्यामागं तुमी, एका पोत्यामागं मी!"

रोगाचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. सगळं भांडण अद्रकीवर. बाकावरच्या लोकांना वाटलं, मालाच्या भावावरून वाद असेल. मामा उभे होते, टोपी हातात, मान खाली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायको गप्प बसल्यापासून धरून ठेवलेला श्वास त्यांनी तिथं सोडला असावा. आवाज वाढला तशा नूरबी लगबगीनं निघाल्या. "मैं बाहर लेजातूँ दोनों को."

"नूरबी, थांबा," मी म्हणाले. "राहू द्या. भांडू द्या त्यांना."

पुढचा नंबर मी त्या दिवशी बराच उशिरा आत घेतला.